पिलांच्या पोटातले जंत: औषधाच्या बाटलीआधी खुराड्याखालची माती बघा

"भाऊ, पिलं खातात भरपूर, पण वाढत नाहीत." श्रावण लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडे घरामागे कोंबड्या पाळणाऱ्यांकडून ही तक्रार हमखास ऐकू येते. एकाच कोंबडीखालची, एकाच दिवशी निघालेली दहा-बारा पिलं. दोन महिन्यांनी त्यातली चार अंगानं भरलेली, बाकीची नुसती पिसांची. पंख खाली सोडलेले, तुरा फिका, शीट पातळ. मग मेडिकलमधून जंताची बाटली येते, पाण्याच्या भांड्यात अंदाजे टोपणभर ओतली जाते, चार दिवस बरं वाटतं. महिना-दीड महिन्यानं पुन्हा तेच.

पुन्हा तेच होतं, कारण औषध पिलाच्या पोटात जातं आणि जंताचं निम्मं आयुष्य पोटाबाहेर, खुराड्याखालच्या मातीत जातं. ती माती तशीच ठेवून वर्षभर बाटल्या ओतल्या तरी पिलं जंताळलेलीच राहणार. म्हणून हा लेख औषधाइतकाच जागेबद्दल आहे.

कोवळ्या पिलांना सगळ्यात जास्त छळतो तो मोठा गोल जंत, शास्त्रीय नाव ॲस्कॅरिडिया गॅली. पांढरा-पिवळसर, दोन्ही टोकांना निमुळता. मादी सात ते अकरा सेंटीमीटरपर्यंत वाढते, नर त्याहून आखूड. राहतो लहान आतड्यात. मादी अंडी घालते, ती शिटीबरोबर बाहेर पडतात. ताजं अंडं पिलानं गिळलं तरी त्यातून लागण होत नाही. ते आधी जमिनीवर पिकावं लागतं. ऊब आणि ओल मिळाली की १० ते २० दिवसांत अंड्याच्या आत अळी तयार होते आणि मग ते अंडं लागण करायला लायक होतं. दाणा टिपताना, माती उकरताना, घाण पाणी पिताना पिलू ते गिळतं. काही वेळा गांडूळही ही अंडी पोटात बाळगतं आणि पिलू गांडूळ खातं.

पोटात गेल्यावर अळी बाहेर येते, पहिला आठवडाभर आतड्याच्या पोकळीत राहते, नंतर आतड्याच्या अस्तरात तोंड खुपसून साधारण दहा दिवस तिथेच वाढते. खरं नुकसान याच वेळी होतं. अस्तर सुजतं, कधी रक्त पाझरतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. नंतर अळी पुन्हा पोकळीत येऊन मोठी होते. अंडं गिळल्यापासून नवीन जंताची अंडी शिटीत दिसेपर्यंत कोवळ्या पिलात पाच-सहा आठवडे जातात, मोठ्या कोंबडीत आठ आठवड्यांपर्यंत.

हे दोन आकडे लक्षात ठेवा: जमिनीवर किमान दहा दिवस, पोटात किमान पाच आठवडे. पुढचं सगळं काम या दोन आकड्यांवर चालतं.

तीन महिन्यांपुढच्या कोंबडीला या जंताविरुद्ध बरीच ताकद येते. तिच्या पोटात जंत असले तरी ती खाते-पिते, अंडी देते, वरून धट्टीकट्टी दिसते. आणि रोज शिटीतून जंताची अंडी सांडत फिरते. तिच्या मागे-मागे तीच माती टिपत असतं चार आठवड्यांचं पिलू. त्यामुळे पिलं आजारी आणि आई ठणठणीत, यात नवल काहीच नाही.

आपल्याकडची जमीन आणि हवा

खान्देशातला उन्हाळा जंतांच्या अंड्यांना सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४५ च्या घरात असतो तेव्हा उघड्या खळ्यात, थेट उन्हात पडलेली अंडी वाळून मरतात. पण कोंबड्या भर उन्हात थांबतात कुठे? त्या असतात मोरीच्या सांडपाण्याजवळ, रांजणाखाली, गोठ्याच्या कडेला, निंबाच्या सावलीत. नेमक्या त्याच जागी ओल आणि सावली दोन्ही असतं. तिथली अंडी महिनोन् महिने जिवंत राहतात. काळी माती एकदा भिजली की लवकर सुकत नाही, हेही पिलांच्या विरुद्ध जातं.

रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट होते. बागेत ठिबकमुळे बारा महिने ओल आणि पानांची सावली. घराला लागून बाग असेल आणि कोंबड्या दिवसभर तिथेच चरत असतील, तर "उन्हाळ्यात जंत नसतात" हा हिशेब तिथे चालत नाही. उलट साक्री किंवा शिंदखेड्याकडच्या कोरड्या, उघड्या वस्त्यांमध्ये उन्हाळा बराचसा निभावून जातो आणि त्रास मृग बरसल्यानंतर महिना-दोन महिन्यांनी सुरू होतो. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे कोंबड्या रात्री घरातच कोपऱ्यात किंवा डाल्याखाली असतात. तिथे डाल्याची जागा रोज तीच राहिली की त्या हातभर जमिनीत अंड्यांचा साठा होतो. डालं रोज सरकवलं तरी बराच फरक पडतो.

ओळखायचं कसं

शिटीत जंत दिसायची वाट बघू नका. दिसले तर प्रश्नच मिटला, पण पुष्कळदा पोट भरलेलं असूनही बाहेर काही दिसत नाही.

पिलू उचला आणि छातीच्या मधल्या हाडावरून अंगठा फिरवा. निरोगी पिलाच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागतं, हाड जेमतेम कळतं. जंताळलेल्या पिलात हाड वर येतं, धार बोटाला लागते, दोन्ही बाजूंना खड्डे. पोट मात्र कधी कधी फुगलेलं. खाणं चांगलं आणि छाती धारदार, ही जोडी दिसली की जंताचा संशय पक्का करा. नुसता फिका तुरा बघून ठरवू नका. रात्री खुराड्याच्या फटींतून निघून रक्त पिणाऱ्या लाल पिसवांमुळेही (लाल माइट) तुरा फिका पडतो. रात्री टॉर्च घेऊन बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूनं एकदा बोट फिरवून बघा.

दुसरी खात्रीची गोष्ट म्हणजे काटा. किराणा दुकानात मिळतो तसा छोटा डिजिटल काटा आणि कापडी पिशवी पुरते. दर आठवड्याला त्याच पाच-सहा पिलांचं वजन करा. पायात रंगीत दोरा बांधला की ओळखू येतात. गावरान पिलू दीड महिन्याचं होतं तेव्हा साधारण पाव किलोच्या पुढे असायला हवं. वनराजा, गिरीराज या सुधारित जाती याच वयात त्याच्या दुपटीच्या आसपास जातात. आकड्यापेक्षा वाढ महत्त्वाची: सलग दोन आठवडे काटा तिथेच राहिला तर काहीतरी बिनसलं आहे.

शिटीत रक्त दिसलं तर आधी जंत नव्हे, रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिओसिस डोक्यात आणा. तोही तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांनाच गाठतो, तोही खुराड्यात अंथरलेल्या ओल्या गादीतूनच (टरफलं, भुसा) येतो, आणि तो जंत नाही. त्याच्यावर जंताच्या औषधाचा काडीचाही उपयोग होत नाही. त्याला ॲम्प्रोलियम लागतं: २० टक्के पावडर असेल तर १ लिटर पाण्याला १.२ ग्रॅम, तीन ते पाच दिवस, आणि त्या दिवसांत पिण्याचं दुसरं पाणी नाही. या आजारात पिलू दोन-तीन दिवसांत जातं, म्हणून जंत समजून आठवडा घालवणं फार महागात पडतं. हिरवी शीट, मान वाकडी होणं, धापा टाकणं ही राणीखेत (मानमोडी) आजाराची लक्षणं. ती दिसली तर औषधाचे प्रयोग थांबवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

एखादं पिलू मेलंच तर पुरण्याआधी त्याचं आतडं उघडून बघा. किळस वाटते, पण यासारखी तपासणी दुसरी नाही. हातात प्लास्टिकची पिशवी किंवा मोजे घाला. पोटाची कातडी छातीच्या हाडाखाली आडवी कापा, आतडं अलगद बाहेर घ्या. जठरापासून निघणारा पहिला वेढा, ज्याच्या मध्ये फिकट गुलाबी स्वादुपिंड असतं, तिथून सुरुवात करून छोट्या कात्रीनं आतडं लांबीत चिरा. गोल जंत असतील तर शिजवलेल्या शेवयांसारखे पडलेले दिसतात, ताजे असतील तर हलतात. जास्त झाले की गुंता होऊन आतडं बंद पडतं आणि पिलू त्यानंच मरतं. आतड्याच्या शेवटाकडे दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्याही चिरून बघा. त्यांच्या टोकांना एक-दीड सेंटीमीटरचे बारीक पांढरे जंत असतील तर ते हेटेराकिस. कोंबडीला त्यांचा त्रास फारसा नाही. मात्र त्यांच्या अंड्यांतून टर्कीला मारणारा ब्लॅकहेड रोग जातो, म्हणून टर्की आणि कोंबडी एका अंगणात ठेवू नका.

आतडं वरवर रिकामं दिसलं तरी लगेच सोडू नका. अस्तर लाल, जाड, चिकट असेल तर ते चमच्यानं खरवडून काळ्या ताटलीत थोड्या पाण्यात हलवा आणि उजेडात बघा. केसाइतके बारीक धागे हलताना दिसले तर ते कॅपिलारिया, म्हणजे केसजंत. पांढऱ्या भांड्यात ते दिसतच नाहीत. संख्येनं थोडे असले तरी नुकसान मोठं करतात आणि साध्या औषधाला दाद देत नाहीत.

चौथा प्रकार पट्टकृमी, म्हणजे चपटे जंत. शिटीवर पांढरे, चपटे, हळूहळू सरकणारे तुकडे दिसले की हेच. यांची गोष्ट वेगळी आहे. यांची अंडी पिलानं थेट खाल्ली तर काही होत नाही. मध्ये मुंगी, शेणातला भुंगेरा, माशी किंवा गोगलगाय लागते आणि पिलू तिला खातं. गोठा आणि उकिरडा शेजारी-शेजारी असलेल्या घरांत चपटे जंत जास्त सापडतात ते यामुळे. काही जातींमुळे आतड्यावर बाहेरून बारीक गाठी दिसतात.

शीट तपासून घ्या

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असेल तर शीट तपासून मिळते. सकाळची ताजी शीट, पाच-सहा वेगवेगळ्या पिलांची, स्वच्छ झाकणाच्या डबीत, दुपारच्या आत पोचवा. उन्हात ठेवलेल्या गाडीच्या डिकीतून नेऊ नका. तपासणी सोपी असते: मिठाच्या दाट पाण्यात (मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालायचं, लिटरला ३५०-४०० ग्रॅम बसतं) शीट कालवून गाळतात, नळी काठोकाठ भरून वर काच ठेवतात, पंधरा-वीस मिनिटांत अंडी तरंगून काचेला चिकटतात.

इथे एक फसगत होते. पाच आठवड्यांच्या आतल्या पिलात जंत अजून अंडी घालण्याइतका मोठा झालेला नसतो. अस्तरात अळ्या धुमाकूळ घालत असतात आणि रिपोर्ट मात्र "अंडी नाहीत" असा येतो. म्हणून लहान पिलांच्या सोबत त्यांच्या आईची आणि मोठ्या कोंबड्यांचीही शीट न्या. आईच्या शिटीत अंडी भरपूर असतील तर पिलांचं वेगळं विचारायला नको.

औषध: आधी वजन, मग बाटलीवरची ताकद

बहुतेक घोळ इथे होतात. "पाच थेंब द्या" हा डोस नव्हे. एकच नाव असलेलं औषध वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. अल्बेंडाझोल घ्या: जनावरांसाठी २.५ टक्के, ५ टक्के, १० टक्के अशा बाटल्या येतात, आणि माणसांच्या छोट्या १० मिलीच्या बाटलीत ४०० मिलिग्रॅम असतं. २.५ टक्के म्हणजे १ मिलीत २५ मिलिग्रॅम, माणसांच्या बाटलीत १ मिलीत ४० मिलिग्रॅम, १० टक्केवालीत १ मिलीत १०० मिलिग्रॅम. शेजारणीनं सांगितलेले थेंब तिच्या बाटलीचे होते, तुमच्या नव्हे.

अल्बेंडाझोल गोल जंतांसाठी किलोला १० मिलिग्रॅम धरतात. केसजंत किंवा चपट्या जंतांचा संशय असेल तर २० मिलिग्रॅमपर्यंत. २.५ टक्के बाटलीतून ३०० ग्रॅमच्या पिलाला १० च्या हिशेबानं ३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१२ मिली. अर्ध्या किलोच्या पिलाला ०.२ मिली. दोन किलोच्या कोंबडीला ०.८ मिली. तुमच्याकडे १० टक्के असेल तर १ मिली औषधात ३ मिली पाणी मिसळा, ते २.५ टक्के होईल. न मिसळता ०.०३ मिली मोजायच्या भानगडीत पडू नका, सिरिंजवर तेवढं अचूक येतच नाही. आणि बाटली दर वेळी जोरात हलवा. औषध तळाला बसतं. न हलवता काढलं तर पहिल्या पिलांना नुसतं पाणी आणि शेवटच्यांना सगळं औषध.

याच कारणानं अल्बेंडाझोल पिण्याच्या पाण्यात टाकू नये. ते विरघळत नाही, भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो आणि पिलं वरचं पाणी पितात. पुष्कळांचं औषध "लागू पडत नाही" ते यामुळे.

पाजायला १ मिलीची सुई काढलेली सिरिंज घ्या, ज्यावर मिलीच्या रेघा आहेत अशी. इन्सुलिनच्या सिरिंजवर युनिटच्या रेघा असतात, हिशेब चुकतो. पिलू डाव्या बगलेत धरा, पंख दाबलेले. डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं चोच कडेनं उघडा. तोंडात बघितलंत तर जिभेच्या मागे मधोमध एक फट उघडमीट करताना दिसेल, ती श्वासनलिका. तिच्यात थेंबही जाता कामा नये. सिरिंजचं टोक पिलाच्या उजव्या बाजूला, जिभेच्या कडेनं मागे न्या, हळूच दाबा, चोच सोडा, गिळू द्या. पिलू शिंकलं किंवा तोंड उघडून धापायला लागलं तर लगेच थांबा, डोकं खाली करा.

वीसेक पिलं आहेत आणि प्रत्येकाला धरणं जमणार नाही, तर फेनबेंडाझोल खाण्यातून द्या. वीस पिलं, सरासरी ४०० ग्रॅम, एकूण ८ किलो. किलोला १० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला ८० मिलिग्रॅम. १५० मिलिग्रॅमची गोळी मिळते, तिची अर्धी एका दिवसाला पुरते. सलग तीन दिवस. गोळी कुटून आधी दोन चमचे मक्याच्या भरडीत नीट मिसळा, मग ती भरड २०० ग्रॅम ओलसर भरडीत मिसळा. थेट मोठ्या ढिगात टाकली तर कुठे जास्त, कुठे शून्य. सकाळी उपाशीपोटी, दोन-तीन वेगवेगळ्या ताटांत द्या, म्हणजे दांडगी पिलं दुबळ्यांना हटकणार नाहीत. खरं औषध दुबळ्यालाच हवं असतं आणि सामुदायिक डोसात तेच मागे राहतं, म्हणून छाती धारदार असलेली पिलं वेगळी काढून हातानं पाजलेली बरी. अगदी मरतुकड्या पिलासाठी रोज किलोला १ मिलिग्रॅम असा पाच दिवसांचा हलका कोर्स पशुवैद्यकाला विचारून द्या. पोटातले सगळे जंत एकदम मरून गुंता होण्यापेक्षा ते बरं. कोंबडी पीस टाकत असेल, नवीन पिसं फुटत असतील, तर हे औषध टाळा. त्यानं पिसं वेडीवाकडी येतात.

पिपेराझिन स्वस्त, पाण्यात विरघळणारं आणि पिलांना सोसणारं. सहा आठवड्यांच्या आत पक्ष्याला ५० मिलिग्रॅम, त्यापुढे १०० मिलिग्रॅम हा त्याचा मूळ हिशेब. पण बाटलीत ते हायड्रेट, सायट्रेट अशा क्षारांच्या रूपात असतं आणि प्रत्येकाची ताकद निराळी, म्हणून १०० पक्ष्यांना किती मिली ते लेबलवरून घ्या आणि आपल्या पिलांच्या संख्येनं भागा. औषधाचं पाणी तीन-चार तासांत संपेल एवढंच करा, दीड-दोन महिन्यांच्या पिलाला २५ मिलीच्या अंदाजानं. आधी दीड-दोन तास पाणी काढून ठेवा. मात्र उन्हाळ्यात हे पहाटेच करा, दुपारी पिलं तहानेली ठेवलीत तर जंताआधी ऊन मारेल. पिपेराझिन फक्त मोठ्या गोल जंतावर चालतं. ते जंताला लुळं पाडतं आणि जंत बाहेर फेकला जातो. अस्तरातल्या अळ्या, केसजंत, चपटे जंत यांना त्याचं काही होत नाही. चपट्या जंतांना प्राझिक्वांटेल, किलोला १० मिलिग्रॅम, हे खात्रीचं.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन "सगळ्यावर चालतं" म्हणून कोंबड्यांना टोचायची पद्धत पडली आहे. पिसवांसाठी ते ठीक, पण चपट्या जंतांवर ते चालत नाही आणि गोल जंतांवर भरवसा ठेवण्यासारखं नाही.

वेळ अशी धरा: पहिला डोस सहा-सात आठवड्यांना, दुसरा तीन आठवड्यांनी, म्हणजे पहिल्या वेळी अस्तरात लपलेल्या अळ्या तोवर पोकळीत आलेल्या असतात. नंतर साडेतीन-चार महिन्यांना एकदा. जागा जुनी आणि ओली असेल तर पहिला डोस पाचव्या आठवड्यात घ्या. राणीखेतची आरटूबी लस आठव्या आठवड्यात टोचतात. जंताचं औषध तिच्या आधी आठवडाभर झालेलं असावं. जंतांनी पोखरलेल्या पिलाला लस दिली तरी ताकद पुरती येत नाही.

औषधानंतरचे दोन दिवस

हे दोन दिवस बहुतेक जण वाया घालवतात. औषध पाजून पिलं अंगणात सोडली की जंत आणि त्यांच्या पोटातली हजारो अंडी अंगणभर पसरतात. पिपेराझिननं तर जंत जिवंतच बाहेर येतो आणि दुसरं पिलू तो टिपून खातं.

औषधाच्या आदल्या रात्री पिलं एका खोलीत किंवा जाळीच्या पिंजऱ्यात घ्या, खाली जुन्या गोण्या किंवा वर्तमानपत्र. ४८ तास तिथेच ठेवा. दिवसातून दोनदा कागद गुंडाळून जाळा. जाळणं जमत नसेल तर हातभर खोल खड्ड्यात पुरा, उकिरड्यावर टाकू नका, कोंबड्या तो उकरणारच. दोन दिवसांनी पिलं जुन्या जागी न सोडता नव्या, कोरड्या जागी सोडा.

जागा

अंडं पिकायला किमान दहा दिवस लागतात, तर शीट सातव्या दिवशी उचला. एवढ्या एका नियमानं निम्मं काम होतं. खुराड्याची गादी भुईमुगाच्या टरफलांची किंवा लाकडाच्या भुशाची ठेवा, चार बोटं जाड. मूठभर दाबून बघा: सोडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे, काढून टाका. ओल येते ती बहुतेक पाण्याच्या भांड्याखालून. भांडं दोन विटांवर ठेवा, खाली वाळू. चुना भुरभुरल्यानं जागा कोरडी राहते, तेवढा त्याचा उपयोग. चुन्यानं किंवा फिनाइलनं जंताची अंडी मरत नाहीत, त्यांचं कवच फार चिवट असतं. ती मरतात वाळल्यानं आणि उष्णतेनं. म्हणून लाकडी खुराड्याच्या फटींत उकळतं पाणी ओता, मग दिवसभर कडक उन्हात उलटं घाला. मे महिन्यात खुराडं हलवून खालची माती वीतभर खणून उलटी करा आणि पंधरा दिवस तशीच तापू द्या. आपल्याकडचं ऊन हे फुकटचं औषध आहे, ते वाया घालवू नका.

पिलांसाठी सगळ्यात चांगली सोय म्हणजे उचललेली जाळीची फरशी. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, अर्धा इंची जाळी, खाली शीट पडेल पण पिलू तिथे पोचणार नाही असा आडोसा. पहिले दोन-तीन आठवडे जाळीवर गोणपाट टाका, नाहीतर पाय अडकतात, आणि ते गोणपाट रोज झटका. ज्यांना खर्च नको त्यांनी खळ्याचे जाळीनं किंवा पऱ्हाटीच्या काट्याकुट्यांनी तीन-चार भाग करावेत आणि पिलं दर आठवड्याला पुढच्या भागात न्यावीत. मोठ्या कोंबड्या ज्या भागात फिरल्या तिथे पिलं सोडू नका.

काढलेली शीट आणि गादी कमरेइतका ढीग करून कुजवा. ढीग ओलसर ठेवला आणि पंधरा दिवसांनी उलटला की आतून हात लावता येणार नाही इतका तापतो, त्यात अंडी मरतात. बाहेरचा थर तापत नाही, म्हणून उलटणं महत्त्वाचं, बाहेरचं आत गेलं पाहिजे. हे खत कपाशीला, केळीला घाला. परसातल्या वांग्या-मिरच्यांना नको, पिलं तिथेच उकरतात.

खुडूक कोंबडीपासून सुरुवात

पिलांचे जंत आईपासून येतात, तर आईला पिलं निघायच्या आधीच मोकळं करा. योग्य वेळ म्हणजे ती खुडूक होऊन अंड्यांवर बसल्यानंतरचे पहिले दोन-चार दिवस. तेव्हा तिनं अंडी घालणं थांबवलेलं असतं, त्यामुळे औषध उबवायच्या अंड्यांत उतरत नाही. अंडी देत असताना अल्बेंडाझोल दिलं तर त्या दिवसांची आणि पुढच्या दोन आठवड्यांची अंडी उबवायला ठेवू नका, वाढत्या गर्भाला ते बाधतं. बसलेली कोंबडी दिवसातून एकदा उठते आणि मोठी शीट टाकते. ती रोज उचला. एकवीस दिवसांनी पिलं निघतील तेव्हा घरटं बदललेलं आणि जागा कोरडी हवी.

खाणं आणि घरचे उपाय

एकाच जागेवर एका घरची पिलं जंत सोसतात आणि दुसऱ्या घरची मरतात, यात खाण्याचा मोठा हात असतो. अ जीवनसत्त्व, ब गटातली जीवनसत्त्वं आणि प्रथिनं कमी पडली की जंत जास्त रुजतात. आपल्याकडे पिलांना दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) किंवा बाजरीच्या कण्या टाकतात. त्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. निम्मी भरड पिवळ्या मक्याची करा आणि रोज मूठभर शेवग्याचा पाला किंवा लसूणघास टांगून द्या, जमिनीवर टाकू नका. दाणाही मातीवर न फेकता ताटलीत द्या. मातीवर फेकलेल्या प्रत्येक दाण्याबरोबर थोडी माती पोटात जाते.

पळसपापडी, वावडिंग, लसूण, पपईचा चीक हे जुने उपाय निरर्थक नाहीत, यातल्या काहींत जंतावर चालणारं द्रव्य खरोखर आहे. पण एका बीत किती आणि दुसऱ्यात किती याचा मेळ नसतो, म्हणून हाड वर आलेल्या पिलावर त्यांचा प्रयोग करू नका. तंबाखूचं पाणी आणि मोरचूद मात्र पूर्णपणे टाळा. तंबाखूत जंत मरायची मात्रा आणि पिलू मरायची मात्रा यांत फार थोडं अंतर आहे, आणि मोरचुदानं पिलांचं आतडंच भाजतं.

औषध दिलेल्या कोंबडीची अंडी आणि मांस लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत खाऊ-विकू नका. लेबलवर कोंबडीचा उल्लेख नसेल तर किमान दोन आठवडे थांबा. कोंबडीचा गोल जंत माणसाला होत नाही, त्यामुळे घरात लहान मुलं आहेत म्हणून घाबरायचं कारण नाही. हात साबणानं धुवायचे ते शिटीतल्या जिवाणूंसाठी. घरात कुणी गरोदर असेल तर अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल तिनं कालवू नये, गोळी कुटू नये. ते काम दुसऱ्यानं मोजे घालून करावं आणि सिरिंज, वाटी, चमचा स्वयंपाकघरात परत नेऊ नये.